भावाची जागल

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पीक दाण्यावर आले की शेतकरी रात्री घरात झोपत नाही. रानडुकरांचा किंवा रोह्यांचा एक कळप शेतात शिरला, तर चार महिन्यांचे कष्ट एका रात्रीत मातीमोल होतात. म्हणून धुऱ्याजवळ मचाण उभारून, कांबळे पांघरून, मधूनमधून आरोळी देत तो पहाटेपर्यंत जागा राहतो. या रात्रपहाऱ्याला इकडे ‘जागल’ म्हणतात. जागलीला निघालेल्या माणसाला ‘हे काम तुला कोणी सांगितले?’ असे कोणी विचारीत नाही. पीक त्याचे, म्हणून राखण त्याची, इतका साधा हा हिशेब आहे.

पिकाच्या बाबतीत सुटणारा हा हिशेब माणसाच्या बाबतीत मात्र आपल्याला सुटत नाही. पवित्र शास्त्रातील पहिला खुनी हा शेतकरी होता, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. काईन जमीन कसणारा होता. राखण म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावे लागले नसेल. भावाचे अर्पण देवाला आवडले आणि आपले आवडले नाही, एवढ्या कारणाने त्याचे तोंड उतरले आणि त्या उतरलेल्या तोंडाचा शेवट शेतातील रक्तपातात झाला. देवाने भावाची चौकशी केली, तेव्हा काईनाने दोन उत्तरे दिली. पहिले, की भाऊ कोठे आहे हे आपल्याला ठाऊक नाही. दुसरे, की त्याची राखण करणे हे आपले काम आहे असे कोणी ठरविले?

प्रस्तुत लेखाचा सारा वाद या दोन उत्तरांशी आहे. कारण ही उत्तरे काईनाबरोबर संपली नाहीत. ती आजही आपल्या धर्मग्रामात, आपल्या घरात, रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात मोठ्या सभ्यपणे दिली जातात.

‘ठाऊक नाही’ हे खोटे आहे

गावात दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागतो. कोणाच्या घरी किती क्विंटल आला, कोणाचा भिजला, कोणी जिनिंगवर नेला आणि कोणी घाईने खेड्यातच व्यापाऱ्याला देऊन टाकला, हे सांगायला गावाला कोतवालाची दवंडी लागत नाही. कोणाच्या बोअरला पाणी लागले, कोणाच्या पोरीला नोकरीवाला मुलगा सांगून आला, कोणी नवी मोटारसायकल घेतली आणि तिचे किती हप्ते थकले आहेत, सगळे सर्वांना पाठ असते. कृषी केंद्राच्या वहीत कोणाचे किती उधार आहे, याचीही बित्तंबातमी असते. शहरातले धर्मग्रामही यात मागे नाही. कोणाचा मुलगा आखाती देशात किती कमावतो, कोणाच्या फ्लॅटला किती खोल्या आहेत, सणाच्या समितीत कोणाची वर्णी लागली, पहिले वाचन कोणाला मिळाले आणि नव्या बाकावर कोणाचे नाव कोरले गेले, हे आपल्याला बिनचूक माहीत असते.

पण त्याच कापूसवाल्याच्या घरी एखाद्या पहाटे आकांत उठला, की सारे गाव एकमुखाने म्हणते, “आम्हाला कल्पनाच नव्हती!”

वाचक बंधुभगिनींनो, कल्पना कशी नव्हती? ज्या डोळ्यांना त्याची मोटारसायकल दिसली, त्यांना त्याचे कोरडे पडलेले शेत दिसले नाही? ज्या कानांना त्याच्या मुलीच्या सोयरिकीची कुणकुण लागली, त्यांना बँकेच्या नोटिशीची लागली नाही? मत्सर ही आंधळी भावना आहे असे म्हणतात, पण ते खरे नाही. मत्सरी माणसाइतके बारकाईने शेजाऱ्याकडे कोणीच पाहत नाही. तो रात्रंदिवस पहाऱ्यावर असतो. फक्त तो पहारा राखणदाराचा नसतो, चोराचा असतो.

संत थॉमस अक्विनास यांनी मत्सराची व्याख्या दुसऱ्याच्या चांगल्याचे वाटणारे दुःख अशी केली आहे. त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. जे स्थळाने, काळाने किंवा दर्जाने आपल्यापासून फार दूर असतात, त्यांचा मत्सर आपल्याला वाटत नाही. तो वाटतो आपल्या बरोबरीच्यांचा. भूमिहीन मजुराला कारखानदाराचा हेवा वाटत नाही, पाच एकरवाल्याला सहा एकरवाल्याचा वाटतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मत्सराची हद्द जेथवर जाते, नेमकी तेथवर शेजारधर्माचीही हद्द जाते. ज्याचा मला हेवा वाटतो, तोच माझ्या हाताच्या अंतरावर असतो. तेव्हा ‘कोणाची जबाबदारी मी घेऊ?’ असा प्रश्न ज्याला पडला असेल, त्याने फार शोधाशोध करू नये. गेल्या वर्षभरात आपल्याला कोणाकोणाचा मत्सर वाटला, त्याची यादी करावी. तीच आपल्या जबाबदारीची यादी आहे.

कुमसारातील एक हलके पाप

आपण कुमसाराला जातो तेव्हा मत्सराचा उच्चार करतो, नाही असे नाही. पण तो कसा? रागावलो, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकवली, ‘आणि थोडाफार मत्सर केला’. जणू भाजीत मीठ थोडेफार जास्त पडले! मत्सर ही मनातल्या मनात येणारी आणि जाणारी एक लहर आहे, तिने कोणाचे काही बिघडत नाही, एक प्रार्थना म्हटली की ती धुऊन निघते, अशी आपली समजूत आहे. आपल्या प्रवचनांनी आणि भक्तिपुस्तिकांनीही ही समजूत पोसली आहे, असे नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

ख्रिस्तसभेची शिकवण इतकी सोपी नाही. मत्सराची गणना तिने सात मूलभूत पापांत केली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात दहाव्या आज्ञेच्या विवेचनात मत्सराचा समाचार घेताना नाथान संदेष्ट्याची गोष्ट स्मरली आहे. अनेक मेंढरे असूनही गरिबाच्या एकुलत्या एका कोकराचा लोभ धरणारा तो श्रीमंत! ज्ञानग्रंथ तर जगात मरण आले तेच सैतानाच्या मत्सरातून, असे सांगतो. आणि शुभवर्तमानकारांनी नोंदवून ठेवले आहे, की प्रभू येशूला आपल्या स्वाधीन केले गेले ते मत्सरामुळे, हे पिलाताला कळत होते. कळत असूनही त्याने काय केले? पाणी मागविले आणि हात धुतले.

एकाच अंगणात, एकाच सकाळी ही दोन पापे शेजारी शेजारी उभी आहेत. धर्मपुढाऱ्यांचा मत्सर आणि सुभेदाराने झटकलेली जबाबदारी! एकाने क्रूसाची मागणी केली, दुसऱ्याने ती अडविली नाही. मत्सर आणि बेपर्वाई ही वेगळी पापे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कसे सांगावे?

एक लाख रुपयांचा हेवा

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि चार लेकरे यांच्या जीवनाचा वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ अंत झाला. करपे हे काही अडाणी, एकाकी गृहस्थ नव्हते; गावाचे सरपंचपद त्यांनी सांभाळले होते. महाराष्ट्रातील जाहीर नोंद झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि २०१७ पासून १९ मार्चला राज्यात अनेक जण त्यांच्या स्मरणार्थ अन्नत्याग करतात. त्यानंतर आमच्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत एकाच कारणासाठी येऊ लागले. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. तरीही आकांत थांबलेला नाही.

त्याच २००६ सालच्या जानेवारीतील शासननिर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची पद्धत ठरली. तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. ते मिळण्यासाठी प्रकरण आधी ‘पात्र’ ठरावे लागते. शेती नावावर होती काय, कर्ज अधिकृत होते काय, त्याच्या वसुलीचा तगादा होता काय, हे सारे कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. नाहीतर प्रकरण ‘अपात्र’. मेलेल्या माणसाला त्याच्या मरणाची पात्रता सिद्ध करावी लागावी, याहून मोठी विटंबना ती कोणती? पण सरकारच्या या विटंबनेवर बोलणारे आपण, आपल्या ओट्यावर काय बोलतो?

“तिला बरे झाले, लाख रुपये मिळाले.”

“नवीन लुगडे पाहिले काय तिचे?”

“आमचा माणूस गेला तो दुखण्याने, आम्हाला कोणी दमडी दिली नाही.”

हे शब्द मी ऐकले आहेत. ते दुष्ट माणसांचे शब्द नव्हेत. ज्यांच्या स्वतःच्या घरात दुपारच्या भाकरीची भ्रांत आहे अशांचेही आहेत, आणि म्हणून ते अधिक भयंकर आहेत. नवऱ्याच्या प्रेतावरून आलेल्या लाख रुपयांचाही हेवा वाटू शकतो, तेथे मत्सर ही मनातली लहर आहे असे कोण म्हणेल? त्या बाईच्या अंगावरचे लुगडे गावाला दिसते. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढविण्यासाठी तिने तहसील कचेरीत घातलेले हेलपाटे दिसत नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन वैशाली येडे या आमच्याच जिल्ह्यातील शेतकरी-पत्नीने केले. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकट्या उरलेल्या बाईचे जगणे तिने साहित्यिकांपुढे मांडले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या फादरांच्या त्या सन्मानाने आपला समाज अभिमानाने फुलून गेला, आणि ते योग्यच होते. पण त्याच मालिकेतील आदल्या संमेलनाचे उद्घाटन कोणी केले, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? आपल्या माणसाचा मान आपल्याला आपला वाटतो. परक्या बाईचे दुःख मात्र आपले वाटत नाही. काईनाचे दुसरे उत्तर ते हेच.

माझा स्वतःचा गुन्हा

दुसऱ्यांना बोल लावून झाले. आता स्वतःचे सांगतो. माझी पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. माझ्या शेजाऱ्याने आणि मी एकाच उन्हाळ्यात बोअर घेतली. त्याच्या बोअरला पाणी लागले, माझी कोरडी गेली. त्या दिवसापासून मी त्याच्या ओट्यावर बसणे सोडले. भांडण नाही, तंटा नाही. ‘वेळ मिळत नाही’ एवढेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पऱ्हाटी पोखरली. पाण्याच्या भरवशावर त्याने कर्ज काढून खर्च वाढविला होता. त्याची बोंडेही किडली. ते पाहून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता सारखे झाले.

तो महिनाभर घराबाहेर पडला नाही, हे मला माहीत होते. मला सगळे माहीत होते. गावातील एक म्हातारे वारकरी मात्र रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसू लागले. त्यांनी कसलाही उपदेश केला नाही. तंबाखू मळायची, हवापाण्याचे बोलायचे, जेवल्याशिवाय उठू द्यायचे नाही. एके दिवशी ते त्याला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरकडे गेले. तो माणूस आज जिवंत आहे. फार पुढे त्यानेच मला सांगितले, की त्या दिवसांत त्याला जगावेसे वाटत नव्हते.

आणि त्या दिवसांत मी काय करीत होतो? रविवारी देवळात वाचन करीत होतो. माझा उच्चार शुद्ध आहे, असे सर्वजण म्हणतात.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. माझ्या भावाची जागल माझ्याऐवजी दुसऱ्याने केली, आणि ज्याने केली त्याच्या कपाळी बुक्का होता. शोमरोनी माणसाचा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दाखल्यातील जखमी माणसाला ओलांडून जाणारा याजक आपण असू शकतो, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळले.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातील. त्यांना टाळणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप असा, की शेतकरी मत्सराने मरत नाही, तो भावाने मरतो. कापसाचा भाव, पावसाची दगाबाजी, बियाण्याचा आणि औषधाचा खर्च, सावकाराचे व्याज यांनी मरतो. हे पूर्णतः खरे आहे. त्याच्या मरणाचा दोष शेजाऱ्यांच्या माथी मारून सरकारला आणि बाजाराला मोकळे सोडावे, असे मी कदापि म्हणणार नाही. धोरणाशी भांडलेच पाहिजे. पण ज्यांना एकमेकांचा हेवा वाटतो ते एकत्र येऊन भांडू शकत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. शेजाऱ्याचा माल पडून राहावा म्हणजे आपल्याला भाव मिळेल, असे जोवर प्रत्येकाला वाटते, तोवर व्यापारी निर्धास्त असतो. आणि धोरण बदलेपर्यंत जो महिना जायचा, त्या महिन्यात त्या माणसाजवळ कोणीतरी बसायला हवे. ते काम कोणत्याही योजनेत बसत नाही.

दुसरा आक्षेप: आम्ही मूठभर कॅथलिक, ते लोक आपल्यापैकी नाहीत. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, तरी यवतमाळ जिल्ह्यात आपली वस्ती आजही विरळच आहे, हे मान्य. परंतु पिठात खमीर किती असते? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या सामाजिक परिपत्रकात ऐक्यभाव म्हणजे केवळ हळहळ नव्हे, तर सर्वांच्या भल्यासाठी बांधून घेण्याचा निश्चय होय, कारण प्रत्येकजण सर्वांना जबाबदार आहे, अशी शिकवण दिली. त्या ‘सर्वां’त स्नानसंस्काराची नोंदवही तपासून नावे घालावीत, असे त्यांनी म्हटलेले नाही.

तिसरा आक्षेप: आत्महत्या हे महापाप आहे, अशांच्या घराशी आपण संबंध का ठेवावा? आत्महत्येचे समर्थन ख्रिस्तसभा करीत नाही. जीवन देवाचे आहे. पण १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारणारा जो नियम होता, तो १९८३ च्या संहितेत उरला नाही. तीव्र मनोव्यथा, भय, यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ख्रिस्तसभेने उघडलेले दार आपल्या जिभेने पुन्हा लावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

चौथा आक्षेप सर्वांत चतुर आहे: नीतिसूत्रे या ग्रंथातच शेजाऱ्याला जामीन राहू नकोस असा इशारा वारंवार दिला आहे. खरे आहे. सोसायटीच्या कर्जासाठी दुसऱ्याच्या कागदावर सही करून बुडालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. उसन्या मोठेपणापायी लेकराबाळांचा घास गहाण टाकू नये, हा त्या इशाऱ्याचा अर्थ आहे. पण जामीन सहीचाच असतो काय? या प्रश्नाचे उत्तर यहूदाच्या चरित्रात सापडते.

विकणारा आणि जामीन राहणारा

योसेफाच्या भावांना त्याचा मत्सर का वाटला, हे आपण जाणतो. बापाचा तो लाडका, त्याला वेगळा अंगरखा, आणि वर त्याची ती स्वप्ने! त्याला विकून टाकण्याची कल्पना यहूदाची. वीस रुपयांना भाऊ विकला गेला, बकऱ्याच्या रक्तात अंगरखा बुडविला गेला आणि बापाला सांगितले गेले, की हा सापडला, ओळखता येतो का पाहा. म्हणजे पुन्हा तेच: आम्हाला काही ठाऊक नाही.

वर्षे लोटली. दुष्काळ पडला. धान्यासाठी मिसर देशी जाताना धाकट्या बन्यामीनाला बरोबर न्यावे लागणार होते आणि याकोब त्याला सोडायला तयार नव्हता. तेव्हा हाच यहूदा पुढे झाला आणि म्हणाला, की याचा जामीन मी. याला परत आणले नाही तर जन्मभर दोषी मी. मिसर देशात जेवणाच्या वेळी बन्यामीनाच्या पानात इतरांच्या पाचपट वाढले गेले. या वेळी कोणाचे तोंड उतरल्याचे पवित्र शास्त्र सांगत नाही. आणि बन्यामीन पकडला गेला तेव्हा यहूदाने विनविले, की पोराला घरी जाऊ द्या, त्याच्या जागी गुलाम म्हणून मला ठेवून घ्या.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बापाचा पक्षपात संपला नव्हता. योसेफाच्या जागी बन्यामीन लाडका झाला होता, इतकेच. मत्सराचे कारण जसेच्या तसे कायम होते. बदलला होता तो यहूदा. ‘परिस्थिती सुधारली की आमचा मत्सर जाईल, सर्वांना सारखे मिळाले की आम्ही प्रेम करू’ असे म्हणणाऱ्या आपणा सर्वांना हे उत्तर आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात प्रभूनेही सकाळपासून राबलेल्यांना ही कटकट सोडायला सांगितले. शेवटच्या घटकेला आलेल्यालाही पोट आहे, त्याच्याही घरी चूल आहे, हे धन्याला दिसले. सोबत्यांना दिसली ती फक्त त्याची मजुरी.

मत्सर मनातून उपटून काढता येत नाही. मीही पुष्कळ प्रयत्न केला. तो जातो दुसऱ्याच वाटेने. ज्याचा हेवा वाटतो त्याचे ओझे एकदा खांद्यावर घ्यावे, मग त्याच्या भल्यात आपलेही भले गुंतते, आणि स्वतःच्या भल्याचा मत्सर कोण करील? ज्याने रात्रभर जागून पीक राखले, त्याला त्या पिकाचा हेवा वाटत नाही.

मग करावे काय?

नुसता उपदेश करून थांबणे हे पुन्हा हात धुणे होईल. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो. त्यांना समिती लागत नाही, फलक लागत नाही आणि बाकावर नावही कोरले जात नाही.

जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर कोणाच्या घरी बियाणे आलेले नाही, हे प्रत्येक प्रार्थनासमूहाने पाहावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फवारणी सुरू होते. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना इस्पितळात दाखल करावे लागले. आपल्या शेतात फवारणाऱ्या मजुराच्या तोंडाला रुमाल आहे की संरक्षक साधन, हातमोजे आहेत की उघडे हात, हे पाहणे ही मालकाची ख्रिस्ती जबाबदारी आहे. घरचा कर्ता गेलेल्या बाईबरोबर वारसनोंदीसाठी, शिधापत्रिकेसाठी, लेकरांच्या दाखल्यांसाठी कचेरीत एक शिकलेला माणूस गेला, तर तिचे पाच हेलपाटे वाचतात. तिच्या लाख रुपयांचा उल्लेख आपल्या तोंडून पुन्हा निघू नये. आणि कोणी माणूस अबोल झाला, जेवेनासा झाला, निरवानिरवीचे बोलू लागला, तर त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये, आशाताईंना कळवावे, डॉक्टरकडे न्यावे. शासनाचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून याच कामासाठी आहे. तो देवळाच्या दारावर लावायला कोणाची हरकत नसावी.

वसई, मुंबई, पुणे येथील वाचकांनी हा प्रश्न विदर्भाचा म्हणून पान उलटू नये. तुमच्या इमारतीतही कोणाची तरी नोकरी गेली आहे आणि तो रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडतो आहे. गेल्या वर्षी त्याच्या नव्या गाडीकडे तुम्ही टक लावून पाहिले होते. आता त्याच्याकडे पाहा.

आणि कुमसाराला जाताना एक प्रश्न स्वतःला विचारावा. ‘मी कोणाचा मत्सर केला?’ एवढ्यावर थांबू नये. ‘ज्याचा मत्सर केला, त्याच्यावर वाईट वेळ आली तेव्हा मी कोठे होतो?’ असा तो प्रश्न असावा. माझे त्यावरचे उत्तर मी वर लिहिले आहे.

कार्तिकातील थंडीत रात्री आमच्या शिवारात अजूनही एका मचाणावरून आरोळी उठते आणि दुसऱ्या मचाणावरून तिला उत्तर येते. ती आरोळी डुकरांना पळवून लावण्यासाठी असते, हे खरे; पण शेजारच्या शेतातला माणूस जागा आहे, हेही तिच्यामुळे कळते. माझ्या शेजाऱ्याची आरोळी आली की हल्ली मी उठून बसतो आणि उत्तर देतो. त्याच्या बोअरचे पाणी अजून वाहते आहे. माझी अजून कोरडीच आहे.